वापरलेल्या प्रतीचा खेळ : दुय्यम बाजारातील व्हिडिओ गेमचा आस्वाद आणि समीक्षा
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

गोषवारा

व्हिडिओ गेमची समीक्षा बहुधा नवी, निर्दोष आणि पूर्ण किमतीची प्रत गृहीत धरून लिहिली जाते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र हे माध्यम मोठ्या प्रमाणावर जुन्या यंत्रांतून, हातोहात फिरलेल्या कॅसेटी व सीडींतून आणि नकलांतून पोहोचले. त्यामुळे येथील आस्वादाची घडण निराळी झाली. प्रस्तुत निबंधात वापरलेल्या खेळातून येणारा अपेक्षाभंग आणि अनपेक्षित आनंद यांचा विचार केला आहे. त्यासाठी मराठी अभ्यासकांना परिचित असलेल्या पाठचिकित्सेच्या पद्धतीचा आधार घेऊन ‘प्रतीचा दोष’ आणि ‘कृतीचा दोष’ असा भेद मांडला आहे. प्रत नाहीशी करून केवळ परवाना विकणाऱ्या आजच्या व्यवहारामुळे आस्वादाची ही वाट कशी बंद होत आहे, याकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : व्हिडिओ गेम, दुय्यम बाजार, पाठचिकित्सा, अपेक्षांचे क्षितिज, प्रत, परवाना

१. प्रस्तावना

खेळाचा गंभीर विचार विद्याक्षेत्राला नवा नाही. डच इतिहासकार योहान हुइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीच्या मुळाशी असलेला व्यापार आहे अशी मांडणी केली. पुढे एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने आणि २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाने संगणकीय खेळांच्या अभ्यासाला स्वतंत्र स्थान मिळवून दिले. मराठीत चित्रपटसमीक्षा आणि नाट्यसमीक्षा यांची परंपरा भक्कम आहे. व्हिडिओ गेम मात्र बहुधा ‘मुलांवर होणारे दुष्परिणाम’ या एकाच सदराखाली चर्चिला जातो. कलाकृती म्हणून त्याचे मूल्यमापन अभावानेच आढळते.

जेथे अशी समीक्षा होते, तेथेही एक गृहीतक दडलेले असते. समीक्षकाच्या हाती खेळ प्रकाशनाच्या वेळी येतो, वेष्टनासह येतो आणि ज्या यंत्रासाठी तो बनला त्याच यंत्रावर चालतो. जिल्ह्याच्या गावातील खेळाडूला यांपैकी एकही गोष्ट लाभलेली नसते. त्याच्या हाती खेळ उशिरा येतो, पुस्तिकेशिवाय येतो, कधी अर्धवट येतो आणि कोणीतरी आधी खेळलेला असतो. या स्थितीकडे केवळ अभाव म्हणून पाहावे, की तिला स्वतःचे असे समीक्षामूल्य आहे, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

२. संज्ञांची निश्चिती : जुना, नकली आणि चोरटा

विवेचनापूर्वी तीन संज्ञांतील फरक स्पष्ट करणे अगत्याचे आहे. ‘जुना’ खेळ म्हणजे एकाने विकत घेऊन दुसऱ्यास विकलेली अधिकृत प्रत. ‘नकली’ यंत्र म्हणजे मूळ यंत्राच्या रचनेबरहुकूम दुसऱ्याच कोणी बनवलेले यंत्र. ‘चोरटी’ प्रत म्हणजे हक्कधारकाच्या अनुमतीविना काढलेली प्रत. कायद्याच्या दृष्टीने हे तीन प्रकार वेगवेगळे आहेत आणि चोरट्या प्रतीचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. तथापि बाजारात हे तिन्ही प्रकार एकाच काचेच्या कपाटात शेजारी शेजारी मांडलेले असत आणि खेळणाऱ्या मुलाला त्यांतील भेद क्वचितच ठाऊक असे. आस्वादाचा इतिहास लिहिताना ही सरमिसळ टाळता येत नाही.

या सरमिसळीला तांत्रिक कारणही आहे. निन्टेन्डो कंपनीचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र जपानमध्ये १९८३ साली आले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच्या आवृत्तीत अनधिकृत कॅसेट नाकारणारी चिप बसवलेली होती. मूळ जपानी यंत्रात ती नव्हती. परिणामी जपानी यंत्राच्या नकला आशियाभर पसरल्या. भारतात १९९० च्या दशकात ‘मीडिया व्हिडिओ’ या कंपनीचा ‘सामुराई’ याच कुळातला होता. पुढे असंख्य निनावी यंत्रे आली. मराठी घरांत या यंत्राला सरसकट ‘व्हिडिओ गेम’ म्हटले गेले, खेळाच्या डबीला ‘कॅसेट’ आणि हातातील नियंत्रकाला ‘रिमोट’. या बोलीतील नावांवरून असे दिसते की, नव्या माध्यमाचा स्वीकार टेपरेकॉर्डर आणि दूरचित्रवाणी या परिचित वस्तूंच्या आधाराने झाला.

३. यवतमाळचा संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून तीपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक ग्रामीण आहे. कापूस हे येथील अर्थव्यवहाराचे मुख्य पीक. घरातील मोठी खरेदी कापूस विकल्यानंतर करण्याची रीत येथे जुनी आहे. २००७ मध्ये ‘प्लेस्टेशन ३’ भारतात अधिकृतपणे दाखल झाले तेव्हा त्याची किंमत ३९,९९० रुपये होती. त्याच वर्षीच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा किमान आधारभूत भाव क्विंटलला २,०३० रुपये होता. म्हणजे एका यंत्रासाठी सुमारे वीस क्विंटल कापूस मोजावा लागला असता. कोरडवाहू जमिनीत एकरी हाती येणारे पीक मोजक्या क्विंटलांचे असते, हे ध्यानात घेतल्यास हा आकडा पुरेसा बोलका ठरतो. शेतीच्या अरिष्टामुळे देशभर चर्चिल्या गेलेल्या जिल्ह्यात नव्या यंत्राची किंमत हा केवळ परवडण्याचा प्रश्न राहत नाही. त्याला नैतिक परिमाणही प्राप्त होते.

भूगोलाचाही येथे संबंध येतो. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वेवर १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन धावत होते. नियोजित वर्धा–यवतमाळ–नांदेड या रुंदमापी मार्गाचा वर्धा–कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारखी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी बाजारपेठ येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. महानगरात जुनी झालेली वस्तू नागपूर वा अमरावतीमार्गे जिल्ह्याच्या गावी आणि तेथून पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा तालुक्यांच्या गावी पोहोचेपर्यंत तिचे आणखी एक-दोन मालक होऊन गेलेले असणे स्वाभाविक आहे. त्यातच २००० च्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. वीज केव्हा जाईल याचा नेम नसताना खेळणे हीदेखील येथील आस्वादाची एक अट होती.

माध्यमविचारक रवी सुंदरम यांनी भारतीय शहरांतील नकला, दुरुस्ती आणि पुनर्वापर यांवर उभ्या असलेल्या तंत्रव्यवहाराचे विवेचन ‘पायरेट मॉडर्निटी’ (२००९) या ग्रंथात केले आहे. त्यांचे लक्ष मुख्यत्वे दिल्लीवर केंद्रित आहे. तालुक्याच्या गावी हा व्यवहार अधिक विरळ आणि अधिक विलंबित असतो. त्यामुळे तेथे प्रत्येक प्रतीचे मोल वाढते आणि तिच्यातील प्रत्येक दोषही अधिक जाणवतो.

४. पाठचिकित्सेचा आधार

हस्तलिखित पोथीचा अभ्यासक कृतीविषयी मत देण्यापूर्वी प्रतीची तपासणी करतो. पोथी कोणत्या परंपरेतली, पाने गहाळ आहेत काय, लेखनिकाने भर घातली आहे काय, पाठभेद कोणते, हे प्रश्न आधी सोडवले जातात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच जाणिवेतून. लेखनिकाच्या हातून झालेला प्रमाद ग्रंथकर्त्याच्या माथी मारू नये, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

वापरलेल्या खेळाच्या समीक्षेस हेच तत्त्व लावावे लागते. खेळ मध्येच थांबला, आवाज आला नाही, शेवटची पातळी उघडली नाही, तर तो दोष प्रतीचा आहे की कृतीचा, हे आधी ठरवले पाहिजे. हा भेद न केल्यास निराशेचा निवाडा चुकीच्या ठिकाणी होतो.

दुसरा आधार जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याऊस यांच्या ‘अपेक्षांचे क्षितिज’ या संकल्पनेचा. वाचक कृतीकडे कोऱ्या मनाने येत नाही. पूर्वपरिचित कृती, प्रकार आणि संकेत यांनी त्याची अपेक्षा घडवलेली असते, असे याऊस सांगतात. वापरलेल्या खेळाच्या बाबतीत हे क्षितिज जाहिरात आणि परीक्षण यांनी घडत नाही. दुकानदाराचा शब्द, कॅसेटवरील चित्र आणि मित्राची शिफारस यांनी ते घडते. ते कधी अवास्तव विस्तारलेले असते, तर कधी जवळजवळ रिकामे. अपेक्षाभंग आणि सुखद धक्का या दोहोंचे मूळ येथे आहे.

५. अपेक्षाभंगाचे चार प्रकार

(अ) देहाचा दोष : कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ वा गंज चढला की पडद्यावर रंगीत पट्टे दिसतात. यावर कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा उपाय घरोघरी केला जाई. वस्तुतः फुंकरीतील ओलाव्याने गंज वाढतो. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने जोड नीट बसतो आणि श्रेय मात्र फुंकरीला मिळते. सीडीबाबतही असाच एक गैरसमज आहे. ग्राहक चकचकीत बाजू निरखून पाहतो. परंतु सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगत असल्याने त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक असतो. चकचकीत बाजूवरचे ओरखडे अनेकदा घासून काढता येतात. असे दोष सर्वस्वी प्रतीचे आहेत.

(आ) आश्वासनाचा दोष : ‘९९९९ इन १’ असे छापलेली पिवळी कॅसेट हे याचे उत्तम उदाहरण. तिच्यात प्रत्यक्षात वेगळे खेळ मोजकेच असत आणि यादीत तेच खेळ निराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. कधी तोच खेळ दुसऱ्या पातळीपासून वा अधिक जीव देऊन सुरू होई. ही फसवणूक होती हे निर्विवाद. परंतु पाठचिकित्सेच्या दृष्टीने पाहता या पुनरावृत्ती म्हणजे पाठभेदच होत. ‘कॉन्ट्रा’ हा कोनामी कंपनीचा खेळ मूळ रचनेत अत्यंत कठोर आहे. शत्रूची एक गोळी लागताच एक जीव जातो. तीस जीवांच्या पाठात या कठोरतेचा अर्थ पालटतो. जपून चालण्याचा खेळ बेफाम धावण्याचा खेळ होतो. ज्याने केवळ हाच पाठ खेळला त्याचे ‘कॉन्ट्रा’विषयीचे मत मूळ कृतीला जसेच्या तसे लागू करता येत नाही.

(इ) गाळलेल्या भागाचा दोष : इंटरनेट मंद आणि सीडीवरील जागा मर्यादित असताना मोठ्या खेळांतील संगीत व चित्रफिती वगळून काढलेल्या चोरट्या आवृत्त्या प्रचलित होत्या. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ (२००२) हा खेळ १९८६ सालच्या अमेरिकी शहराचा उपहास करतो. त्या उपहासाचा मोठा वाटा मोटारीतील रेडिओवर ऐकू येणाऱ्या जाहिराती, संभाषणे आणि गीते यांत आहे. रेडिओ वगळलेली प्रत हाती आली की उपहास लोपतो आणि केवळ हाणामारी उरते. या खेळावर पालक व शिक्षक यांनी घेतलेल्या आक्षेपांचा विचार करताना, त्यांच्यासमोर नेमकी कोणती प्रत होती, हा प्रश्न गैरलागू नाही.

(ई) कृतीचा दोष : काही निराशा प्रतीवर ढकलता येत नाहीत. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ (२००९) हा ‘प्लेस्टेशन २’ साठीचा खेळ हैदराबाद येथील ‘ऑरोना टेक्नॉलॉजीज’ने बनवला. भारतीय कथाविषय आणि भारतात झालेली निर्मिती यांमुळे त्याविषयी औत्सुक्य होते. प्रत्यक्षात नियंत्रणातील ढिलाई आणि लढतींतील तोचतोपणा यांमुळे तो निस्तेज ठरतो. येथे प्रत निर्दोष असूनही निराशा होते. विषयाची थोरवी रूपाच्या दुबळेपणाची भरपाई करू शकत नाही, हा साहित्यसमीक्षेतील सुपरिचित निष्कर्ष येथेही लागू पडतो. वापरलेली प्रत घेणाऱ्याने पैसे कमी मोजलेले असतात. त्यामुळे त्याचा निवाडा कित्येकदा अधिक समतोल असतो, हेही नमूद केले पाहिजे.

६. अनपेक्षित लाभ

अपेक्षाभंगाची कारणे बव्हंशी प्रतीत आढळतात. अनपेक्षित आनंदाची कारणे मात्र बहुधा कृतीतच सापडतात. तीन उदाहरणांच्या आधारे हे पाहता येईल.

पहिले उदाहरण ‘बॅटल सिटी’ या १९८५ च्या नाम्को कंपनीच्या खेळाचे. भारतात तो ‘टँकचा गेम’ म्हणूनच ओळखला गेला. पडद्याच्या तळाशी गरुडाचे चिन्ह असलेला तळ, त्याभोवती विटांची भिंत आणि वरून येणारे वीस रणगाडे, एवढीच त्याची सामग्री. खेळाडू दोघे एकत्र खेळू शकतात. आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो काही क्षण जागीच खिळतो. आणि स्वतःच्याच गोळीने स्वतःचा तळ उद्ध्वस्त होऊ शकतो. ज्या भिंतीने रक्षण करायचे तीच भिंत रक्षकाच्या घाईने ढासळते, हा या खेळाचा गाभा आहे. येथे संयम हा उपदेश म्हणून येत नाही. नियमांच्या रचनेतून तो आपोआप उमगतो. शिवाय स्वतःचे रणांगण रचण्याची सोयही त्यात होती. वीज गेली की रचलेले रणांगण पुसले जाई आणि पुन्हा रचावे लागे.

या खेळाची आणखी एक गोष्ट अभ्यसनीय आहे. त्या काळात ‘बॅटल सिटी’ अमेरिकेतील निन्टेन्डो यंत्रासाठी अधिकृतपणे प्रकाशित झाला नाही. ‘सर्कस चार्ली’ची फॅमिकॉम आवृत्ती आणि ‘नट्स अँड मिल्क’ हे खेळही जपानपुरतेच सीमित राहिले. म्हणजे बहुखेळी कॅसेटींच्या द्वारे भारत, पूर्व युरोप आणि आशियातील अनेक देशांत जे खेळ घरोघरी पोहोचले, ते अमेरिकी खेळाडूंना त्या काळी दुकानात मिळत नव्हते. केंद्राकडून परिघाकडे उशिराने आणि कमी दर्जाचे काही येते, ही सर्वसाधारण समजूत येथे अपुरी पडते. परिघाची स्वतःची एक अभिजात यादी तयार झाली. ती कोणी ठरवून केली नव्हती. नक्कल करणाऱ्याच्या सोयीतून ती घडली आणि खेळणाऱ्यांच्या पसंतीतून टिकली.

दुसरे उदाहरण ‘क्रिकेट ०७’ या खेळाचे. ‘ईए स्पोर्ट्स’ने हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये प्रकाशित केला. क्रीडाविषयक खेळांचे आयुष्य साधारणतः एका वर्षाचे असते. पुढील आवृत्ती आली की मागील आवृत्तीची किंमत कोसळते. या कंपनीने मात्र क्रिकेटची मालिका त्यानंतर पुढे चालवली नाही. परवान्याअभावी भारतीय खेळाडूंची नावे त्यात बदललेली होती. हा उणेपणा हौशी खेळाडूंनीच दूर केला. त्यांनी नवे संघ, नवी नावे आणि नवे गणवेश तयार करून ते परस्परांत वाटले. एका आवृत्तीवर वर्षानुवर्षे अशी भर पडत राहिली. जुनी प्रत घेणाऱ्याला त्यामुळे मूळ ग्राहकापेक्षा अधिक समृद्ध खेळ मिळाला. कृती प्रकाशनाच्या दिवशी पूर्ण होत नाही, ती वापरातून वाढत जाते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

तिसरे उदाहरण ‘इको’ या २००१ च्या ‘प्लेस्टेशन २’ वरील खेळाचे. फुमितो उएदा यांची ही निर्मिती प्रारंभी फारशी विकली गेली नाही. पुढे ती या माध्यमातील श्रेष्ठ कृतींत गणली गेली. ओसाड किल्ल्यातून एका मुलीचा हात धरून तिला बाहेर नेणारा मुलगा, एवढाच कथाभाग. संवाद नाममात्र आणि तेही काल्पनिक भाषेतील. गुण, जीव, शक्ती यांचे आकडे पडद्यावर नाहीत. खेळाडूने बटण दाबून ठेवले तरच हात धरलेला राहतो. बोट उचलताच हात सुटतो. जबाबदारीचा अर्थ येथे बोटाच्या स्नायूपर्यंत पोहोचतो. इंग्रजी पुस्तिका हरवलेली असो वा नसो, मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचे येथे काहीच अडत नाही. जो खेळ भपक्यावर आणि स्पष्टीकरणावर विसंबत नाही, तो पुस्तिकाविहीन जुन्या प्रतीतही शाबूत राहतो. म्हणूनच दुय्यम बाजार ही कृतीच्या रूपबंधाची एक कठोर कसोटी ठरते.

यांखेरीज जुन्या वस्तूतून लाभणारा एक निराळा आनंद आहे. ‘प्लेस्टेशन २’च्या आठ मेगाबाइटच्या मेमरी कार्डावर पूर्वीच्या मालकाच्या खेळाच्या नोंदी शिल्लक असत. तो कोठवर पोहोचला, कोठे अडकला आणि कोणता खेळ त्याने अर्ध्यावर सोडला, हे नव्या मालकाला दिसे. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जुन्या क्रमिक पुस्तकाच्या समासात आधीच्या विद्यार्थ्याच्या खुणा सापडतात, त्याच जातीचा हा अनुभव होय. एकट्याने खेळावयाच्या खेळाला येथे एक अदृश्य सोबती मिळतो.

७. एक संभाव्य आक्षेप

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, हा बालपणीच्या आठवणींचा गौरव असून दारिद्र्याचे उदात्तीकरण आहे. आक्षेप गंभीर आहे. पर्याय नसल्यामुळे जे स्वीकारावे लागले त्याला अभिरुचीचे नाव देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. वीस क्विंटल कापसाचे यंत्र घेता आले नाही, याचे दुःख ‘इको’च्या सौंदर्याने भरून निघत नाही. तसेच हे खेळ मुलींच्या वाट्याला कितपत आले, हा प्रश्नही विचारला पाहिजे. व्हिडिओ गेम पार्लर ही प्रायः मुलांचीच जागा होती. घरातील यंत्रामुळे मुलींना काहीशी संधी मिळाली. परंतु दुसरा रिमोट कोणाच्या हाती आणि किती वेळ, हे बहुधा भावाच्या मर्जीवर असे.

तथापि या आक्षेपाने मूळ मुद्दा बाधित होत नाही. येथे अभावाचे समर्थन केलेले नाही. अभावातही खेळाडूने केलेल्या निवडीची दखल घेतली आहे. दहा-वीस खेळांच्या कॅसेटमधून काही मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा खेळले गेले आणि उरलेले विसरले गेले. ही निवड जाहिरातीने केलेली नव्हती. तिला समीक्षा म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

८. प्रतीचा लोप

जुनी प्रत विकण्याचा अधिकार हा गृहीत धरण्याजोगा विषय नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीची प्रत, ती पूर्वी विकली गेली असली तरीही, विकण्याचा वा भाड्याने देण्याचा हक्क हक्कधारकाकडे ठेवला होता. १९९९ च्या दुरुस्तीने पूर्वविक्रीविषयीचे ते शब्द वगळण्यात आले. म्हणजे काही वर्षे, कायद्याच्या अक्षरानुसार, वापरलेली प्रत विकणे संशयास्पद होते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी जुन्या व्हिडिओ गेमची फेरविक्री वैध ठरवली आणि एका मोठ्या बाजारास संरक्षण मिळाले.

कायद्याने जे दिले ते तंत्राने काढून घेतले. २००४ मधील ‘हाफ-लाइफ २’ हा खेळ ‘स्टीम’ या व्यवस्थेतील खात्याशी कायमचा जोडला जात असे. त्याची वापरलेली डीव्हीडी एकही ओरखडा नसतानाही दुसऱ्याला निरुपयोगी होती. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’साठी जुन्या खेळांवर निर्बंध जाहीर केले, तीव्र विरोधानंतर जून महिन्यात ते मागे घ्यावे लागले. परंतु प्रवाह बदलला नाही. ‘द क्रू’ या खेळाची केंद्रीय यंत्रणा ३१ मार्च २०२४ रोजी बंद होताच त्याच्या सर्व तबकड्या, जुन्या आणि नव्या, मूक झाल्या. त्याच वर्षी ‘स्टीम’ने ग्राहक खेळ विकत घेत नसून परवाना घेतो, अशी स्पष्ट सूचना देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत. ते मिळवायचे तर वापरलेली प्रत हाच मुख्य वैध मार्ग उरतो.

महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीतील पोथ्या शतकानुशतके जतन झाल्या होत्या. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी लिपी उकलली गेल्यानंतरच त्या अभ्यासकांपुढे आल्या. तेथे लिपीची किल्ली पंथातील मंडळींनी सांभाळली होती. बंद पडलेल्या केंद्रीय यंत्रणेची किल्ली मात्र कोणीच सांभाळत नाही. भविष्यातील अभ्यासकाच्या हाती तबकडी असेल, कृती नसेल.

याचा फटका प्रथम कोणाला बसतो, हे उघड आहे. महानगरातील सुस्थित ग्राहक नवा परवाना घेतो. तालुक्याच्या गावातील मुलाकडे पूर्वी मोठ्या भावाची, मित्राची वा बाजारातील जुनी प्रत येत असे. परवाना मात्र वारशाने येत नाही. स्मार्टफोनवरील मोफत खेळांनी ही पोकळी भरली असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु तेथील खेळाची अट कंपनी केव्हाही बदलू शकते आणि खेळून झालेला खेळ दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

९. निष्कर्ष

१) वापरलेल्या खेळाच्या समीक्षेत प्रतीचा दोष आणि कृतीचा दोष वेगळे करणे ही पहिली पायरी होय. त्यासाठी पाठचिकित्सेची पद्धत उपयुक्त ठरते.

२) अपेक्षाभंग बव्हंशी प्रतीशी, तर अनपेक्षित आनंद बव्हंशी कृतीच्या रूपबंधाशी निगडित असतो. जाहिरातीपासून आणि प्रकाशनकाळापासून सुटलेली कृती स्वबळावर उभी राहते की नाही, याची परीक्षा दुय्यम बाजारात होते.

३) यवतमाळसारख्या जिल्ह्यातील विलंबित आस्वाद हा केंद्रीय आस्वादाची फिकट छाया नव्हे. त्याची स्वतंत्र यादी आणि स्वतंत्र निकष आहेत.

४) प्रतीऐवजी परवाना विकण्याच्या व्यवहारामुळे अल्प उत्पन्न गटातील खेळाडू आणि भावी अभ्यासक या दोघांचीही वाट अरुंद होत आहे.

५) महाविद्यालयांनी जुनी यंत्रे, कॅसेटी आणि सीडी भंगारात जाण्यापूर्वी मिळवून, प्रतींच्या वर्णनासह ग्रंथालयात जतन करणे इष्ट ठरेल. हे काम अल्प खर्चात होऊ शकते. परवान्यावर मिळणाऱ्या ई-पुस्तकांबाबत हाच प्रश्न ग्रंथालयांसमोर उभा असल्याने त्याचे महत्त्व एका विषयापुरते सीमित नाही.

ज्या वस्तू आज रद्दीत आणि भंगारात निघत आहेत, त्या या जिल्ह्यातील एका पिढीच्या आस्वादाची साधने आहेत. त्या हाताशी असेपर्यंतच त्यांची समीक्षा लिहिता येईल.